'कुही' ब्राउझरला किती अक्षरांचं दिसतं?

कोणत्याही ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला 'कुही' या तालुक्याच्या नावाची लांबी विचारली, तर उत्तर येतं ४. आपल्याला अक्षरं दिसतात दोनच. पण आत क, उकार, ह आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं ओळीने साठवलेली असतात. तिथल्याच 'मांढळ'ची लांबी येते ५ आणि 'आंभोरा'ची ६. यूनिकोडने देवनागरी अशीच नोंदवली आहे, त्यामुळे जावास्क्रिप्टच्या बाजूने हिशेब बरोबर आहे. अडचण येते ती या हिशेबावर कुणी अर्जाची चौकट बेतली की. नावासाठी वीस अक्षरांची मर्यादा ठेवली, तर इंग्रजीत बरीचशी नावं बसून जातात. 'ज्ञानेश्वर लक्ष्मणराव' हे नाव आपण मोजलं तर नऊ अक्षरांचं. ब्राउझरच्या मोजणीत मधल्या मोकळ्या जागेसह २१ चिन्हांचं. चौकट विसाव्या चिन्हाला थांबते आणि शेवटचा 'व' टंकताच येत नाही. अर्ज भरणाऱ्याला वाटतं आपला मोबाइल बिघडला.

अशी चौकट, बटण, खाली उघडणारी यादी, तारीख निवडायचं कॅलेंडर, आलेख, एकामागे एक उघडणारी पानं या पडद्यावरच्या हाताळायच्या भागांना विजेट म्हणतात. त्यातले मोजके ब्राउझरच पुरवतो. बाकीचे कुणीतरी जावास्क्रिप्टमध्ये लिहितं, आणि पुन्हापुन्हा लिहायला लागू नयेत म्हणून त्यांची लायब्ररी करून ठेवतं. लायब्ररी मुक्त स्रोत असली तर तिचा कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, दुरुस्त करता येतो. या दुरुस्तीच्या हक्कावाचून मराठीचं काम अडतं, असं माझं ठाम मत आहे.

नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. पुढची दहा वर्षं वेब लिहिणाऱ्यांची मुख्य कटकट होती ती ब्राउझरांच्या आपसांतल्या फरकांची. एकच कोड नेटस्केपमध्ये एक करायचा आणि इंटरनेट एक्सप्लोररमध्ये दुसरंच. जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये जेक्वेरी जाहीर केली, पुढच्याच महिन्यात याहूने आपली वायूआय लायब्ररी खुली केली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जेक्वेरी यूआय आली. हे फरक पोटात घालून वर सगळीकडे सारखं वागणारं विजेट द्यायचं, हे या पिढीचं काम. आज ब्राउझर बऱ्याच अंशी एकसारखे वागतात, तारखेची चौकट आणि संवादाची खिडकी तर थेट एचटीएमएलमध्येच आली आहे. म्हणून आजच्या लायब्ररीपुढचा खरा प्रश्न माणसामाणसांतल्या फरकांचा आहे: कुणाची लिपी वेगळी, कुणाचा फोन जुना, कुणाला पडदा दिसतच नाही.

एकच विजेट घेऊन हे पाहू. कुही तालुक्यातलं गाव निवडायची यादी. वर एक चौकट. तिच्यात 'मां' टाइप केलं की खाली 'मांढळ' यायला हवं, 'वे' म्हटलं की 'वेलतूर'. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या या तालुक्यातला शेतकरी पीकविम्याचा किंवा कसलाही अर्ज मोबाइलवर भरताना अशा यादीशी रोज झगडतो, म्हणून हे उदाहरण.

सुरुवात टंकण्यापासूनच करावी लागते. बऱ्याच जुन्या लायब्रऱ्या 'कोणती कळ दाबली' हे ऐकत बसतात. अँड्रॉइडच्या कळफलकावर ही युक्ती फसते, कारण तिथे कोणतीही कळ दाबली तरी ब्राउझरकडे बहुधा एकच क्रमांक येतो, २२९. त्याचा अर्थ एवढाच की शब्द अजून घडतो आहे, थांबा. म्हणजे विजेटने कळांकडे न पाहता चौकटीतला मजकूर बदलला की तो वाचायला हवा, आणि शब्द घडणं सुरू झाल्याच्या व संपल्याच्या ब्राउझरच्या सूचना पाळायला हव्यात. हे न केलेल्या याद्यांत 'मांढळ' टंकलं तरी पडदा 'एकही गाव सापडलं नाही' म्हणत राहतो.

मराठी टंकण्याच्या याच प्रश्नावर झालेलं, महाराष्ट्राशी नातं असलेलं एक काम मला या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. फोनमध्ये मराठी कळफलक आयता मिळू लागण्याच्या आधी मराठी संकेतस्थळं ओंकार जोशी यांच्या 'गमभन'सारख्या जावास्क्रिप्ट सुविधांवर चालत होती. विकिपीडियावर 'नारायम' नावाची सुविधा होती, पण ती विकिपीडियाच्या मीडियाविकी प्रणालीला जखडलेली. बाहेरच्या कुणाला ती उचलून नेता येत नव्हती. २०१२ साली विकिमीडिया फाउंडेशनच्या भाषा अभियांत्रिकी गटाने तिचा गाभा वेगळा काढला आणि जेक्वेरी डॉट आयएमई ही स्वतंत्र लायब्ररी केली. तिच्याबरोबर आणखी तीन बाहेर पडल्या: फाँट पुरवणारी, पडद्यावरच्या वाक्यांची भाषांतरं सांभाळणारी आणि भाषा निवडायची यादी देणारी. या चौकडीला त्यांनी नाव दिलं 'मिल्कशेक'. नोव्हेंबर २०१२ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये या गटाच्या आणि रेड हॅट कंपनीच्या भाषातज्ज्ञांच्या बैठका पुण्यात, रेड हॅटच्या कार्यालयात भरल्या. रेड हॅटच्या अभियंत्यांनी भारतीय भाषांचे कितीतरी कळफलक या लायब्ररीत घातले आहेत.

तिची आतली रचना बघण्यासारखी आहे. प्रत्येक कळफलक म्हणजे एक छोटी फाइल, आणि फाइलीत नियमांची यादी. उच्चारानुसार टंकायच्या पद्धतीत इंग्रजी कळफलकावर 'के' दाबली की चौकटीत 'क्' उमटतो. त्यावर 'एच' दाबली, तर लायब्ररी कर्सरच्या मागची दोनतीन चिन्हं वाचते, तिथे 'क्' दिसतो, आणि 'क् नंतर एच आला तर ख् करा' हा नियम सापडतो. मग 'ए' दाबली की पाय मोडलेला ख पूर्ण होतो. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळेल तो लागू होतो, म्हणून लांब जोडण्यांचे नियम वर ठेवायचे असतात. बस्स. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही पण मराठी नीट येते, त्यालाही ही यादी वाचता येते. मराठीसाठी तिच्यात उच्चारानुसारच्या पद्धती आहेत, तसे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकातून आलेला इनस्क्रिप्ट आणि त्याची सुधारित आवृत्तीही आहे. एकूण भाषांचे कळफलक शंभराहून अधिक असूनही पान उघडताना ते सगळे उतरत नाहीत; वापरणाऱ्याने निवडला तेवढाच मागवला जातो. जिथे पाऊस आला की नेटवर्क एका काडीवर येतं, तिथे ही काटकसर फार मोलाची ठरते.

लायब्ररीसोबत चाचण्यांचीही एक फाइल असते. तिच्यात 'या कळा दाबल्या तर हा शब्द यायला हवा' अशा जोड्या लिहिलेल्या असतात, आणि कुणीही नियम बदलला की सगळ्या जोड्या आपोआप तपासून होतात. एखाद्याच्या लक्षात आलं की 'कऱ्हाड' नीट टंकता येत नाही, तर त्याने तेवढी एक जोडी लिहून पाठवली तरी निम्मं काम झालं. परवाना जीपीएल किंवा एमआयटी, दोन्हींतला हवा तो घ्या असा आहे. म्हणजे सरकारी अर्जातही ती लावता येते आणि खाजगी कंपनीच्या उत्पादनातही.

आता यादीकडे परत. टंकलेला मजकूर आणि यादीतलं नाव जुळवायचं आहे. इथे मराठीचे स्वतःचे पेच सुरू होतात. 'ऱ' हे एक अखंड चिन्ह म्हणून साठवता येतं, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर प्रमाण रूपात आणायची सोय आहे, ती वापरली की हा फरक मिटतो. पण 'कऱ्हाड'मधला अर्धा र मिळवायची तिसरीही वाट आहे, अदृश्य जोडचिन्ह वापरून, आणि तो फरक त्या सोयीने मिटत नाही. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि आजही देतात. 'ॲड.' म्हणून नोंदवलेली वकिलांची नावं दोन्ही प्रकारांनी साठलेली असतात आणि एका प्रकाराने शोधलं तर दुसरी सापडत नाहीत. यूनिकोडच्या दृष्टीने ही दोन वेगळी लेखनं आहेत. त्यामुळे नियम लायब्ररीनेच लिहायचा, आणि तो नियम लिहायला हवा हे कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला सुचणार कसं?

मग क्रम. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. यूनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये बसवला आहे. साधी क्रमवारी लावली तर 'नळ' हा 'नव'च्या आधी येतो, आणि शब्दकोशाच्या सवयीने शोधणारा वाचक चुकतो. ब्राउझरमध्ये भाषेनुसार तुलना करायची सोय २०१२ च्या अखेरीस प्रमाणित झालेल्या एका जोडमानकातून आली. तिला भाषा मराठी आहे एवढं सांगावं लागतं. त्याच सोयीला मराठीत आकडा लिहायला सांगितलं, तर १२३४५६७ चे १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम देवनागरी अंकांसकट मिळतात. एवढी तयार गोष्ट हाताशी असताना कितीतरी लायब्रऱ्या अजून हजारामागून हजारांचे पाश्चात्त्य गट पाडतात, हे पाहून वाईट वाटतं.

उलट्या दिशेने मात्र ब्राउझर मदत करत नाही. गट क्रमांकाच्या चौकटीत कुणी '१२' देवनागरीत लिहिलं आणि कोडने ते संख्येत बदलायचा प्रयत्न केला, तर जावास्क्रिप्ट म्हणतं ही संख्याच नाही. सातबाऱ्यावर देवनागरीत छापलेला आकडा पाहून माणूस तसाच भरणार, हे उघड आहे. दहा अंकांचं रूपांतर करायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळी लायब्ररीत असल्या की ती वापरणाऱ्या प्रत्येक अर्जात आपोआप पोचतात.

यादी उघडून दाखवणं हे सर्वांत सोपं काम वाटतं, पण इथेही खाचाखोचा आहेत. इंग्रजी अक्षरं बेतून ठरवलेल्या ओळीच्या उंचीत वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात. अक्षरांत अंतर पाडायची सीएसएसची सूचना इंग्रजीत देखणी दिसते; देवनागरीत ती शिरोरेघ तोडते. नावाच्या पहिल्या अक्षराचा गोल बिल्ला दाखवायची हल्ली पद्धत आहे. त्यात 'क्षितिजा'चा बिल्ला 'क' असा येतो, कारण कोडने पहिलं चिन्ह उचललेलं असतं. चिन्हांऐवजी वाचकाला दिसणारे अक्षरसमूह मोजून देणारी सोय ब्राउझरांत आता आहे. पण 'क्ष'सारखी जोडाक्षरं अखंड धरायचा नियम यूनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला, म्हणून जुन्या ब्राउझरांत ती अजून तुटतात.

यापेक्षाही बारीक एक गोष्ट सांगतो. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं पानावर नोंदवलं की मराठी वळण येतं. आता बऱ्याच लायब्रऱ्या खाली उघडणारी यादी अर्जाच्या आत न ठेवता पानाच्या अगदी शेवटी जोडतात, म्हणजे ती दुसऱ्या कशाखाली झाकली जात नाही. भाषेची नोंद फक्त अर्जावर असेल तर ती यादी त्या नोंदीबाहेर पडते, आणि चौकटीत मराठी 'ल' तर तिच्या खालच्या यादीत हिंदी 'ल' असा प्रकार दिसतो. विजेटने उघडताना मूळ चौकटीची भाषा सोबत न्यायची, एवढाच उपाय. ही तक्रार मराठी डोळाच करू शकतो.

आंधळ्या माणसासाठी यादी कशी चालेल हाही लायब्ररीचाच प्रश्न. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मार्च २०१४ मध्ये एरिया नावाचं मानक पक्कं केलं. त्यानुसार विजेटने पडदा वाचणाऱ्या प्रणालीला सांगायचं असतं: ही यादी आहे, ती आता उघडी आहे, तुम्ही अमुक नावावर आहात. बाणाच्या कळांनी खालीवर जाता यावं, एस्केपने मिटावी, एंटरने निवड व्हावी. एनव्हीडीए हा फुकट आणि मुक्त स्रोत वाचक मराठी मजकूर बोलून दाखवू शकतो. पण पानाची भाषा नोंदवलेली नसेल, तर त्यालाही कोणत्या आवाजात वाचायचं ते कळत नाही. शिवाय बाहेरून आलेलं नाव यादीत टाकताना ते निव्वळ मजकूर म्हणूनच टाकायचं, एचटीएमएल म्हणून कधीच नाही. नाहीतर नावाच्या जागी कुणी कोड लिहून पाठवतो आणि तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो.

नावांची एक गोष्ट मात्र लायब्ररी सोडवू शकत नाही. गोसीखुर्दच्या पाण्याने कुही तालुक्यातली गावं उठली आणि नव्या जागी वसली. जुनं गाव आणि पुनर्वसित गाव यांत नावावरून घोळ होतो. म्हणून अर्जाने गावाचं नाव दाखवावं, पण साठवावा तो केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेतला गावाचा क्रमांक. विजेटने इतकंच करायचं: दाखवायचा मजकूर आणि साठवायची किंमत पहिल्यापासून वेगळी ठेवायची. ही वाटणी सुरुवातीला केली नाही तर नंतर सगळी लायब्ररी उसवावी लागते.

लायब्ररी लिहिणाऱ्याने स्वतःच्या गरजेतून सुरुवात करावी, याचा चांगला दाखला मुंबईत आहे. रुशभ मेहता यांच्या फ्रॅपे कंपनीचा ईआरपीनेक्स्ट हा व्यवसायाचे हिशेब सांभाळणारा मुक्त स्रोत प्रकल्प. त्याला आलेख लागत होते, प्रकल्पांचं वेळापत्रक दाखवणारी पट्टी लागत होती, मोठमोठी कोष्टकं लागत होती. हे भाग त्यांनी ईआरपीनेक्स्टमध्येच गाडून न ठेवता वेगळे काढून जगाला दिले. फ्रॅपे चार्ट्स २०१७ साली बाहेर आली. ईआरपीनेक्स्टचा परवाना जीपीएल, पण आलेखांच्या लायब्ररीला त्यांनी जास्त मोकळा एमआयटी परवाना दिला, म्हणजे वापरणाऱ्यावर स्वतःचा कोड खुला करायचं बंधन पडत नाही. ती दुसऱ्या कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नाही, हे तिच्या परिचयातच सांगितलं आहे.

त्या सांगण्याला कारण आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने लेफ्ट-पॅड नावाचं आपलं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतलं. अकरा ओळींचा कोड. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. पण जगभरच्या हजारो प्रकल्पांच्या पोटात तो अप्रत्यक्षपणे बसलेला होता आणि काही तास त्यांची बांधणी अडून राहिली. तेव्हापासून शहाणा लेखक प्रत्येक परावलंबन मोजूनमापून घेतो. वजनाचाही हिशेब आहेच: एकटी जेक्वेरी दाबून बारीक केल्यावरही ३० केबीच्या घरात जाते. आज गावांची यादी लिहायला घेतली तर मी जेक्वेरीशिवायच लिहीन; तिने जे फरक झाकले ते ब्राउझरांतून आता गेले आहेत.

लायब्ररी लोकांच्या हाती गेल्यावर तिच्या लेखकाचं काम बदलतं. एखाद्या सूचनेचं नाव बदललं तर वापरणाऱ्यांचे अर्ज मोडतात, म्हणून आवृत्तीचा क्रमांक तीन भागांत लिहायची रीत पडली आहे: पहिला आकडा बदलला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा बदलला तर काही नवीन आलं, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. तक्रारींना उत्तरं द्यायची, दुसऱ्याने पाठवलेला बदल वाचायचा, क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत चाचण्या चालवायच्या. हे सगळं बहुधा विनामोबदला, रात्री जागून. फ्रॅपेसारखी कंपनी सेवा विकून हा खर्च भागवते, विकिमीडियाकडे देणग्या येतात; एकट्या लेखकाकडे यातलं काहीच नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्यासाठी अर्ज करायची रीत अशी: आपल्या प्रकल्पाला काय लागतं, कशासाठी आणि किती, हे ठरावीक नमुन्याच्या एका फाइलीत लिहून प्रकल्पासोबत जाहीर ठेवायचं. मराठी गावांची, नावांची आणि अंकांची नीट काळजी घेणारी लहानशी लायब्ररी उभी करून ती लोकांच्या वापरात आणली, तर तोही दरवाजा ठोठावून पाहता येईल.